केळीचा चीक

वैशाखातलं वादळ एका रात्रीत भूपेंद्रभाईंच्या बागेत शिरलं आणि निम्म्या केळी आडव्या करून गेलं. सकाळी हिलालची टोळी बांधावर येऊन उभी राहिली तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द निघेना. टेकू दिलेले बांबू मोडले होते, खोडं एकमेकांच्या अंगावर पडली होती, ठिबकच्या नळ्या तुटून वाफ्यात चिखल झाला होता आणि त्या चिखलात घड तोंड खुपसून पडले होते. पहिला शब्द निघाला तो हिलालच्या बायकोच्या, प्रमिलाबाईच्या तोंडून. ती शिवी होती, आणि ती वाऱ्याला होती.

प्रमिलाबाईचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. ऊन तापलं तरी राग, भाकरी करपली तरी राग, आणि सगळं नीट चाललं असेल तर ते नीट का चाललंय याचाही राग. टोळीतले लोक म्हणत, बाईचं तोंड फाटकं पण हात चांगला. ते खरंही होतं. ही सगळी माणसं रावेरकडची. गावचे इतर लोक सुरतेत येऊन कापडाच्या मागावर लागले, कुणी साडीच्या दुकानात लागले. हिलालला मात्र केळीशिवाय काही येत नव्हतं आणि शिकूनही घ्यायचं नव्हतं. म्हणून गेली कितीतरी वर्षं तो टोळी घेऊन कामरेजच्या बाजूला, तापीकाठच्या बागांमध्ये केळी कापत हिंडत होता. त्यांच्यातला माणूस हातावरून ओळखू येई. केळीचा चीक लागून हात काळे, नखं काळी, पावलं काळी. हा काळा रंग दिवाळीच्या उटण्यानेही निघत नसे.

वादळात पडलेला घड ठेवून चालत नाही. उन्हात तापला की गाडीतच पिकतो आणि व्यापारी हात लावत नाही. भूपेंद्रभाई कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच टोळीला पळवू लागले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्यांचं चाले.

"हिलालभाई, जल्दी! आज दो टेम्पो जाना चाहिए."

हिलालचा मुलगा योगराज विळ्याने घड सोडवायचा, बाकीचे गडी डोक्यावर चुंबळ ठेवून ते पंपाजवळ आणायचे. तिथे प्रमिलाबाई घडाच्या फण्या सोडवायची आणि तिची सून धनश्री त्या फण्या तुरटीच्या पाण्याच्या टबात धुवायची. कापल्या जागेतून चीक गळतो, तो केळावर सुकला की काळा डाग पडतो. डागाचं केळ व्यापारी बाजूला काढतो. म्हणून फणी तुरटीत बुडवायची, चीक थांबला की पुसून क्रेटमध्ये रचायची.

धनश्रीचा हा पहिलाच हंगाम. ती सुरतेतच, उधन्याला वाढलेली. बाप मागावर आणि ही बारावी झाल्यावर साड्यांच्या घड्या करायला जायची. थंडीत लग्न झालं आणि उन्हाळ्यात ती केळीच्या बागेत उभी होती. हातांवर अजून पुरता चीक चढला नव्हता. प्रमिलाबाईला त्याचाही राग येई.

धनश्रीला लागलं ते दुपारच्या आधी. गडी कमी पडले म्हणून तीही घड आणायला गेली होती. पडलेलं खोड ओलांडताना मोडक्या बांबूचं टोक तिच्या नडगीला घासून गेलं. बोटभर लांबीचा चरा, थोडं रक्त आणि त्यावर वाफ्यातला चिखल. ती लंगडत टबापाशी आली आणि पिण्याच्या पाण्याची बाटली पायावर ओतायला वाकली.

"ठेव ती बाटली!" प्रमिलाबाई ओरडली. "जखमले पानी लावस का? चिघळी जाई ना!"

"आत्या, मझार चिखल गयेल शे. साबणघाई धोई लेस."

"साबण! आमन्या पिढ्या गयात चीक लाई लाई. कोना पाय सडना का? बस आठे."

तिने धनश्रीला क्रेटवर बसवलं, लुगड्याच्या पदराने वरवरचा चिखल पुसला आणि नुकत्याच कापलेल्या दांड्याचा चीक जखमेवर पिळला. पाणी थेंब थेंब गळावं तसा तो गळला. रक्त थांबलं. केळीवाल्यांच्या घरी कापलं, खरचटलं की हाच उपाय. चीक सुकला की त्याचा काळा पापुद्रा धरतो आणि खालची जखम झाकली जाते. त्यावर जुनेराची पट्टी. पट्टी सुटेपर्यंत पाणी लावायचं नाही, वांगं खायचं नाही, आंबट खायचं नाही.

चीक झोंबला तशी धनश्री कळवळली आणि बोलून गेली, "केळासले डाग पडाले नको म्हनीसन तुम्ही हाऊच चीक धोई काढतस. आन् मना पायले तोच लावतस?"

फण्या मोजत बसलेला म्हातारा धुडकू फिस्सकन हसला. हा धुडकू हिलालच्याच गावचा, टोळीत सगळ्यांत जुना. तो हसला आणि प्रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल आलेली पोर चार माणसांत तिच्या हातालाच नाव ठेवत होती.

"उधनामा साड्यासन्या घड्या करनारी माले शिकाडस!" तिने आवाज चढवला, पार निंबाखाली ऐकू जाईल एवढा. "तुनी मायनी आंदणमा साबण देयेल शे का? मंग काढ, आम्हले बी दखाड!"

आता सगळेच हसले. हिलाल हसला. घड उतरवत असलेला योगराज खाली मान घालून हसला. धनश्रीने प्रत्येकाकडे एकदा पाहिलं, उठली आणि टबापाशी जाऊन उभी राहिली. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

दुसऱ्या दिवशी तिचं लंगडणं वाढलं. टबापाशी दिवसभर उभं राहायचं, टबातलं पाणी बाहेर सांडायचं, फण्यांचा चीक वरून पायावर ओघळायचा. पट्टी सकाळी कोरडी होती ती तासाभरात ओलीचिंब झाली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळे पडले. प्रमिलाबाईने ते पाहिलं आणि तिला जरा बरंच वाटलं. पोर आता टोळीतली दिसू लागली होती.

लंगडणं मात्र तिला खपेना. चालताना धनश्री पाय टेकवायची आणि ओठ दाबून धरायची. काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही. प्रमिलाबाईच्या मते हा सगळा नखरा होता. आपण चार शब्द बोललो म्हणून ही पाय ओढून दाखवतेय, असं तिला वाटलं. तिच्या तरुणपणी तिचं बोट विळ्याने हाडापर्यंत उघडं पडलं होतं आणि तिने तशाच हाताने स्वयंपाक केला होता. हे तिने त्या दिवसात दोनदा टबाकडे तोंड करून कुणालातरी सांगितलं.

संध्याकाळी पंपाजवळच्या पत्र्याच्या खोलीसमोर चूल पेटली तेव्हा योगराज आईजवळ येऊन बसला. त्याने काटकी उचलली, मोडली, पुन्हा उचलली.

"आई, तिना पाय सुजेल शे."

"जखम शे तं सुजावच. तू सुजना नई का मागला साल?"

"रातले कन्हत व्हती. दवाखानामा दखाडी लेवूत का?"

"तुना बापले इचार."

योगराज बापाकडे गेला. हिलाल तोंड धूत होता. टोळीचा म्होरक्या तो, आज टेम्पो भरायला उशीर झाला म्हणून भूपेंद्रभाईंनी सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं. तो म्हणाला, गाड्या भराई जाऊ दे, मंग दखसूत. योगराज मूग गिळून परत आला आणि जेवायला बसला. विळा चालवताना हा पोरगा वाघ असे, पण बापासमोर त्याचं मांजर होई. प्रमिलाबाईला हे नेहमीच दिसत आलं होतं. आज तिला त्याचाही राग आला, पण तो कुठे काढावा हे न कळून तिने भाकरीच जोरात थापली.

धनश्रीने अर्धी भाकरी खाल्ली. ठेच्याला बोट लावलं नाही.

सकाळी ती कमरेत वाकून चालत होती. प्रमिलाबाईने हटकलं तेव्हा तिने नुसता जांघेशी हात नेला. धुडकू चिलीम भरत होता, तो तिथूनच म्हणाला, "अवधाण उनं व्हई. विळानं पातं तपाडीसन शेक म्हना. अवधाण उनं म्हंजे जखम मझारथीन भरी राह्यनी."

प्रमिलाबाईचा जीव भांड्यात पडला. अवधाण म्हणजे घरचाच पाहुणा. पायाला काही लागलं की जांघेत गाठ येते, हाताला लागलं की काखेत येते, चार दिवस राहते आणि जाते. ती का येते हे कुणी तिला विचारत नाही. प्रमिलाबाईने विळ्याचं पातं चुलीत तापवलं, फडक्यात गुंडाळलं आणि सुनेच्या हातात दिलं. धनश्रीने ते घेतलं, शेकलं आणि परत दिलं. मग ती कामावर आली. प्रमिलाबाईला वाटलं, बघा, झाली की नाही सरळ.

त्या दिवशी ऊन असं होतं की खोडांतून वाफ निघत होती. पडलेल्या केळींचा कुजका, गोडसर वास सगळ्या बागेवर दाटला होता. गडी घड टाकून सावलीला पळत होते. दुपारी टेम्पो लागला आणि निम्मा भरून झाला, तोच टबापाशी धाडकन आवाज झाला. धनश्रीच्या हातातलं क्रेट सुटलं होतं. धुतलेल्या फण्या चिखलात विखुरल्या होत्या.

भूपेंद्रभाई खुर्चीतून उठले. "अरे, आ शुं करे छे? देखके काम करो! मेरा माल है!"

"हात मोडेल शे का तुना?" हिलाल धावत आला. मालकाला ऐकू जावं म्हणून त्याने आणखी दोन शब्द चढवले.

"एक क्रेट उचलावस नई!" प्रमिलाबाईनेही सूर मिसळला. "खावाले मातर येस ना!"

 धनश्री खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचे दंड घट्ट धरले. तिचे दात वाजत होते. टबाशेजारी घड झाकायची गोणपाटं पडली होती, त्यातलं एक ओढून तिने अंगावर घेतलं. वैशाखाच्या भर दुपारी, जिथे बाकीच्यांच्या अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या, तिथे ती पोर गोणपाट पांघरून कुडकुडत होती.

प्रमिलाबाईच्या तोंडात पुढचा शब्द तयार होता. तो तसाच राहिला. तिने जवळ जाऊन सुनेच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तिला भीती वाटली. भीती वाटली की तिला रागच येई, तसा आताही आला.

"पाय दखाड," ती खेकसली.

पट्टी सोडली. खाली काळा पापुद्रा, त्याच्या कडा ओलसर आणि त्याखालून आंबूस, कुजका वास. बाकी पाय नुसता काळा. रंगाने काही कळेना. चिकाने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं एकसारखं करून टाकलं होतं. प्रमिलाबाईने जखमेपासून चार बोटं लांब अंगठा दाबला. कातडी ताणलेली, टणक आणि तापलेल्या तव्यासारखी. धनश्रीच्या तोंडून आवाजही निघाला नाही, फक्त डोळ्यांतून पाणी आलं. जखम खाली, बोटभर. आणि दुखत होतं ते इतक्या वर.

"योगराज! लिंबू आन. आन् साबण."

योगराज बघतच राहिला.

"बहिरा शे का? साबण आन, सांगं ना!"

पंपाजवळच कागदी लिंबाचं झाड होतं. प्रमिलाबाईने आधी स्वतःचे हात धुतले. मग जखम सोडून वरच्या पायावर लिंबू पिळलं, साबण लावला आणि हलक्या हाताने चोळायला लागली. काळं पाणी ओघळू लागलं. केळीच्या चिकाचा डाग सहजासहजी निघत नाही, पण हा आठवड्याचाही नव्हता. हळूहळू आतली कातडी दिसू लागली आणि ती कातडीच्या रंगाची नव्हती. ती लालभडक होती, तुकतुकीत, सुजून फुगलेली. प्रमिलाबाई चोळत वर गेली. नडगीभर लाली. आणखी वर गेली. तिथून लाल रंगाची एक रेघ निघाली होती, बोटाने ओढावी तशी. ती पोटरीच्या आतल्या अंगाने गुडघ्यापर्यंत गेली होती आणि गुडघ्याच्याही वर, मांडीत शिरली होती.

ती रेघ जांघेतल्या त्या गाठीकडे निघाली होती. ज्या गाठीला धुडकूने शुभशकुन म्हटलं होतं आणि प्रमिलाबाईने विळा तापवून शेक दिला होता.

तिच्याच घराण्याच्या त्या चिकाने हे सगळं झाकून ठेवलं होतं. आणि झाकलं नसतं तरी तिने पाहिलं असतं का? तिने सुनेची साडी गुडघ्याखाली ओढली आणि उठली.  दोन्ही हात तिने कमरेवर ठेवले.

"ओ योगराजना बाप! हिले दवाखानामा लई चला. आत्तेच."

हिलालने टेम्पोकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं. "टेम्पो भराई जाऊ दे. कामरेजवरथीनच जास तो. तवय बसाडी देवूत."

"कितला टाइम लागी?"

"अर्धा भरना शे. लागी दोनेक घंटा."

"दोन घंटा!"

"तीन दिन थांबनी ना ती? आखो दोन घंटा थांबी."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. तो माणूसच असा, समोरचं काम संपल्याशिवाय त्याला दुसरं काही दिसत नसे. पण तीन दिवस म्हणताच प्रमिलाबाईला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती थेट निंबाखाली गेली. भूपेंद्रभाईंची पांढरी गाडी सावलीला उभी होती.

"भाई, सून बहोत बीमार है. गाडी दो. दवाखाने जाना है."

भूपेंद्रभाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या लुगड्याकडे. "मेरी गाडी में? बेन, सीट पे दाग लगेगा. ये दाग जाता नहीं. टेम्पो जा रहा है ना? थोडी देर रुको."

प्रमिलाबाई काही बोलली नाही. टोळीतल्यांनी पुढे कितीतरी दिवस हीच गोष्ट सांगितली, की बाई बोलली नाही. ती टेम्पोपाशी गेली, फाळक्यावर पाय देऊन वर चढली आणि तिने वरचं क्रेट उचलून खाली फेकलं. धुतलेल्या, पुसलेल्या, कागद घालून रचलेल्या फण्या दगडांवर आपटून फुटल्या. मग दुसरं क्रेट. ते थेट खुर्चीजवळ जाऊन पडलं.

"अरे! अरे, पागल छे के?" भूपेंद्रभाई मागे सरले.

"गाडी चालू करा!" प्रमिलाबाई वरून ओरडली. "जोपर्यंत गाडी चालू व्हत नई, एकेक क्रेट खाले टाकसू! बठ्ठं टाकसू! तुमना मालले डाग चालस नई, सीटले डाग चालस नई, आन् मनी सूनना पाय सडना तं चालस?"

"उतर खाले!" हिलाल किंचाळला. "इज्जत घालाडशी मनी!"

तिसरं क्रेट हिलालच्या पायापाशी पडलं. "तुमनी इज्जत या क्रेटमा भरी ठेवा!"

तेव्हा मांजर झालेला योगराज हलला. त्याने बापाकडे पाहिलं नाही. गोणपाटासकट धनश्रीला उचललं आणि टेम्पोच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. मग दार धरून तो ड्रायव्हरला म्हणाला, "चल." आवाज मोठा नव्हता, पण त्याच्या दुसऱ्या हातात अजून विळा होता आणि तो हातात आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. ड्रायव्हरने मालकाकडे पाहिलं. भूपेंद्रभाईंनी चिखलातली केळी पाहिली, टेम्पोवर चौथं क्रेट उचलून उभी असलेली बाई पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"लई जा, भाई! लई जा!"

प्रमिलाबाई उतरलीच नाही. निम्म्या भरलेल्या टेम्पोत, क्रेटांच्या मध्ये ती तशीच उभी राहिली. कच्च्या रस्त्यावर टेम्पो हिंदकळत होता आणि ती सगळ्यांना शिव्या देत होती. वाऱ्याला, बांबूला, धुडकूला, नवऱ्याला, मालकाला. हायवे लागेपर्यंत तिच्याजवळची सगळी नावं संपली. मग एकच नाव उरलं आणि ते घ्यायला तिची जीभ उचलेना.

कामरेजच्या दवाखान्यात दारावरच्या माणसाने आधी त्यांचे पाय पाहिले. फरशी पुसलेली आहे, असं तो म्हणाला. प्रमिलाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःच चाकाची खुर्ची आणून दिली.

डॉक्टरीण तरुण होती, तोंडाला मास्क. तिने पाय पाहिला, रेघ पाहिली, जांघेत हात घालून गाठ पाहिली आणि ताप मोजला. पेन काढून तिने लालीच्या कडेकडेने पायावर खूण केली, लाली इथून पुढे सरकते का ते कळावं म्हणून.

"ये काला क्या लगाया है?"

 योगराज म्हणाला, "केले का चीक. मतलब, रस."

"धोया था पहले?"

योगराजने नाही म्हणून मान हलवली.

"मिट्टी अंदर, उपर से ये सील!" डॉक्टरीण संतापली होती, आणि तिचा संताप पाहून प्रमिलाबाईला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या जातीचं भेटल्यासारखं वाटलं. "छोटा सा घाव था. साफ पानी और साबुन से धोके साफ कपडा बांधते, बस. लाली फैलने लगी, गरम हो गया, सूजन, पीप, बुखार, तो उसी वक्त आना चाहिए था. ये लकीर देख रहे हो? जहर उपर चढ रहा है. खून में फैल जाता तो सिर्फ पैर की बात नहीं थी, जान जा सकती थी. टिटॅनस का इंजेक्शन कब लिया?"

ते कुणाला आठवेना. तिने सलाईन लावायला सांगितलं, इंजेक्शनं सांगितली. दोन-तीन दिवस इथेच राहावं लागेल म्हणाली. पाय वाचेल का, असं प्रमिलाबाईने विचारलं. 

"आज आए हो, तो बचेगा. लेकिन अभी पीप निकालना पडेगा. सुन्न करने का इंजेक्शन दूंगी, पर इतनी सूजन में पूरा असर नहीं होता. दुखेगा. पैर पकडो कोई."

प्रमिलाबाईने कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले आणि पुढे होऊन सुनेचा घोटा दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरणीने काळा पापुद्रा ओला करून सोडवला. खालून हिरवट पिवळा पू आला. मग तिने चिमटा आत घातला आणि बांबूची एक बारीक काडी बाहेर ओढली.

आणि इतके दिवस मिटलेलं तोंड उघडलं.

"हात काढा!" धनश्री किंचाळली. "तुमना हात काढा! तुमना हात नको माले!"

खोलीबाहेरची माणसं थांबली. त्यात हिलालही होता. तो मागून कुणाच्यातरी मोटरसायकलवर बसून आला होता आणि दारात उभा होता.

"मी तुमना समोर लंगडत व्हतू, मना पाय दखा का तुम्ही? मनं तोंड दखं! कितलं वाकडं करस ते दखं! मना दात वाजत व्हतात, तवय बी तुम्ही माले क्रेटकर्ता बोलन्यात! माले साबण मांगाना व्हता, फक्त साबण! आन् बठ्ठा हसनात! हाऊ बी हसना!" तिने योगराजकडे बोट दाखवलं. योगराजने मान खाली घातली. "मी मरी जातू तं गावमा काय सांगत्यात तुम्ही? शहरनी व्हती, नाजूक व्हती, असंच सांगत्यात ना?"

"ए पोरी!" हिलाल आत आला. "सासूसंगे असं बोलतस का? लोके दखी राह्यनात."

"तुम्ही गप बसा!" प्रमिलाबाई गर्रकन वळली. "बोलू द्या तिले. तिनं तोंड आपनच सुईदोराघाई शिवी टाकेल व्हतं."

मग तिने सुनेच्या घोट्यावरचे आपले हात काढून घेतले. जन्मात तिने कुणाचं ऐकून हात मागे घेतला नव्हता. योगराजला ती म्हणाली, "तू धर." योगराजने घोटा धरला. डॉक्टरणीने पुन्हा दाबलं आणि धनश्री पुन्हा ओरडली. या खेपेला तिने सासूच्या सात पिढ्या काढल्या, चीक काढला, भाकरी काढली, हंगाम काढला, आणि तिचं रडणं आणि ओरडणं एकमेकांत मिसळून गेलं.

डॉक्टरीण मान न वर करता म्हणाली, "माँजी, आप बाहर बैठिए. उसको गुस्सा आ रहा है."

"नई," प्रमिलाबाई भिंतीला टेकत म्हणाली. "मी आठेच उभी राह्यसू. माले आयकनं शे."